बावटा आणि रो-रो

मूळ गेममध्ये खेळणाऱ्यांनी स्वतः तयार करून घातलेली भर म्हणजे मॉड. कुठे नवे कपडे, कुठे अख्खे नवे गाव. असे पन्नास मॉड एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून मॉड मॅनेजर लागतो. नेक्सस मॉड्स या संकेतस्थळाचा व्होर्टेक्स त्यांतला बहुपरिचित. त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि एकेका गेमची खास माहिती त्याला एक्स्टेन्शनमधून मिळते.

एक्स्टेन्शन बहुतेक वेळ नुसते कान लावून बसलेले असते. खेळणाऱ्याने गेम बदलला की व्होर्टेक्स ‘गेममोड-ॲक्टिव्हेटेड’ अशी हाळी देतो. मॉडच्या फाइली गेमच्या फोल्डरात मांडण्याआधी ‘विल-डिप्लॉय’, मांडून झाल्यावर ‘डिड-डिप्लॉय’, काढून घेतल्यावर ‘डिड-पर्ज’. ज्याने त्या हाळीसाठी नाव नोंदवले असेल, त्याचे फंक्शन चालते. ही नोंदणी ‘कॉन्टेक्स्ट.वन्स’च्या आत करायची. त्याआधी बाकीची एक्स्टेन्शन्स तयार झालेली असतीलच असे नाही.

हाळीच्या जाती दोन, आणि दोन्ही रायगडच्या किनाऱ्यावर पाहायला मिळतात. वादळी हवेचा इशारा म्हणून बंदरात तीन नंबरचा बावटा लागतो, तेव्हा लावणारा कोणती होडी परतली हे मोजत बसत नाही. ‘गेममोड-ॲक्टिव्हेटेड’ तसा आहे. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मांडव्याला येणाऱ्या रो-रो बोटीचे तसे नाही. आतल्या गाड्या उतरल्याशिवाय परतीच्या गाड्या चढत नाहीत. ‘डिड-डिप्लॉय’ या जातीचा. तो ‘ऑनअसिंक’ने ऐकायचा आणि फंक्शनने प्रॉमिस, म्हणजे काम संपल्यावर कळवण्याची हमी, परत द्यायचे. ते पूर्ण होईपर्यंत व्होर्टेक्स थांबतो. परत द्यायचे विसरले, तर कशासाठी थांबायचे हे त्याला कळत नाही आणि लिहायला घेतलेली फाइल अर्धी असतानाच तो पुढे सरकतो. उलट प्रॉमिस कधीच पूर्ण झाले नाही, तर रॅम्पवर बंद पडलेल्या गाडीमागे रांग लागावी तसे सगळे अडकते.

आणखी एक चूक मात्र साधी असते. बाल्डर्स गेट ३ हा गेम मॉडचा क्रम ‘मॉडसेटिंग्ज.एलएसएक्स’ या फाइलीतून वाचतो. तेव्हा मांडणी झाली की ही फाइल नव्याने लिहायची, हे त्याच्या एक्स्टेन्शनचे एक काम. लिहिणारा स्वतः तोच एक गेम उघडून तपासतो, सगळे चोख चालते. पण ‘डिड-डिप्लॉय’ची हाळी सगळ्या गेमसाठी एकच असते. कोणी स्कायरिमचे मॉड मांडले, तरी हे फंक्शन जागे होते आणि ज्या गेमला कोणी हातही लावला नाही, त्याची फाइल बदलून ठेवते. तक्रार येते ती भलत्याच गेमबद्दल, म्हणून शोधायलाही वेळ जातो.

हाळीसोबत प्रोफाइलचा, म्हणजे एका गेमसाठी जुळवलेल्या मॉडसंचाचा, आयडी येतो, त्यावरून गेम कोणता ते काढता येते. गेम आपला नसेल, किंवा प्रोफाइलच सापडले नाही, तर पूर्ण झालेले प्रॉमिस देऊन तिथूनच परत फिरावे. ही तपासणी फंक्शनच्या पहिल्या ओळीत हवी. फाइल बदलल्यानंतर केली तर तिचा उपयोग नाही.