वर्गणीवर उभी असलेली गढी

स्कॉटलंडच्या पर्थशर भागात, ॲबरफेल्डी गावाच्या पश्चिमेला, टे नदीच्या खोऱ्यात वीम नावाची लहानशी वस्ती आहे. तिच्या कडेला डोंगराच्या पायथ्याशी उभा असलेला ‘कासल मेंझिस’ चारशेहून अधिक वर्षे मेंझिस कुळाच्या प्रमुखांचे घर होता. त्याला किल्ला म्हणतात खरे, पण तट-बुरुजांच्या किल्ल्यापेक्षा ती गढी आहे: जाड दगडी भिंतींचे, वेळ पडली तर लढवता येईल असे राहते घर. मधल्या उंच इमारतीच्या तिरप्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांवर एकेक मनोरा काढलेला आहे. या रचनेमुळे दोनच मनोऱ्यांतून चारही भिंतींलगत आलेल्या शत्रूवर मारा करता येत असे.

बंदोबस्त लागायचे कारणही होते. १५०२ मध्ये जमिनीच्या वादातून नील स्ट्युअर्ट या शेजारच्या सरदाराने मेंझिसांचे आधीचे घर जाळले. त्यानंतर आजची वास्तू उभी राहिली. वरच्या खिडक्यांवर कोरलेले १५७७ हे साल तिच्या छपराच्या बांधकामाची खूण आहे. फेब्रुवारी १७४६ मध्ये ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट उत्तरेकडे माघार घेताना येथे दोन रात्री राहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कलोडनच्या लढाईत त्याचा पराभव झाला. १८४०च्या सुमारास विल्यम बर्न या वास्तुविशारदाने पश्चिमेला नवी बाजू जोडली आणि गढीला श्रीमंती वाड्याचे रूप आले.

या वाड्याचा एक भाडेकरू हिंदुस्थानी होता. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग १८५०च्या दशकात आपले पालक सर जॉन लॉगिन यांच्यासह येथे राहिले. शिकारीचा शौक आणि उंची पोशाख यांमुळे पर्थशरमध्ये त्यांचे नाव झाले होते. दुलीपसिंगांच्या मातोश्री महाराणी जिंदन १८६३ मध्ये लंडनमध्ये वारल्या. त्यांचे अंत्यसंस्कार पुढे नाशिकला गोदावरीच्या काठी झाले. तेथील समाधीची व्यवस्था अनेक वर्षे कपूरथळा संस्थानाकडे होती. १९२४ मध्ये नात बांबा हिने अस्थी लाहोरला नेल्या. ज्यांचे राज्यच गेले त्यांच्या समाधीला सांभाळणारे कोणीतरी दुसरे लागते, हे त्या उदाहरणात दिसते. मेंझिसांच्या गढीचा प्रश्न थोडा वेगळ्या वाटेने तेथेच आला.

१९१० मध्ये सर नील मेंझिस निपुत्रिक वारले आणि मुख्य शाखा खुंटली. सामानसुमान विकले गेले, मग वास्तूही परक्या हाती गेली. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या सैन्याने तिचा औषधसाठ्यासाठी वापर केला. युद्धानंतर तेथे कोणी राहीनासे झाले. स्कॉटलंडच्या हवेत बंद, तापवल्याविना पडलेले घर किती झपाट्याने खचते याची कल्पना कोकणातल्या मिटलेल्या घरांवरून करता येईल.

मेंझिस कुलसंस्था मात्र या पडझडीच्या कितीतरी आधीची. तिची स्थापना १८९२ची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये अशा कुलसंस्थांची लाटच आली होती. वंशावळी जुळवणे, जुन्या वस्तू गोळा करणे, वार्षिक मेळावा भरवणे ही त्यांची कामे. आपल्याकडच्या कुलमंडळांनी कुलवृत्तांत छापले, संमेलने भरवली, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की मेंझिसांनी १९५७ मध्ये आपल्या पूर्वजांची गढीच विकत घेतली. त्या वेळी ती भग्नावस्थेच्या उंबरठ्यावर होती. भावनेच्या भरात घेतलेला निर्णय म्हणून तो सोडून देता येत नाही, कारण नंतर जे करावे लागले ते पाहता केवळ भावनेवर कोणी इतकी वर्षे तगले नसते.

जीर्णोद्धाराचे मोठे काम १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस हाती घेतले गेले. अशा कामात आधी छप्पर, मग पाणी, आणि दिवाणखाना सर्वांत शेवटी, असा क्रम लागतो. छपराची दगडी पाटीची कौले एकदा सरकली की पाणी तुळईत शिरते. दमट तुळईत एक बुरशी वाढते. ती लाकूड भुसभुशीत करते आणि आपल्याबरोबर ओलावा नेत दगडी भिंतीच्या सांध्यांतून पलीकडच्या लाकडापर्यंत पोचते, म्हणून डोळ्यांना दिसणारा भाग काढून भागत नाही. पन्हाळी तुंबल्या तरी परिणाम तोच. वर्षातून दोनदा पन्हाळी साफ करण्याचा खर्च हा या सगळ्या जमाखर्चातला सर्वांत किफायतशीर आकडा असतो, आणि देणगीदारांना तोच सर्वांत नीरस वाटतो. पन्हाळीवर कोणाचे नाव कोरता येत नाही.

दुसरा प्रश्न चुन्याचा. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्या ओल शोषतात आणि चुन्याच्या सांध्यांतून ती बाहेर टाकतात. विसाव्या शतकात अनेक जुन्या वास्तूंना सिमेंटचा गिलावा दिला गेला. तो दिसायला भक्कम, पण ओल आतच कोंडते आणि भिंतीचा दगड पापुद्रे सोडू लागतो. त्यामुळे आता शक्य तिथे सिमेंट काढून पुन्हा चुनाच वापरतात. ओल्या चुन्याला गोठणे सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात हे काम थांबते. चुन्याचे काम जाणणारे गवंडीही मोजकेच.

कायद्याचे बंधन वेगळे. सर्वोच्च ‘अ’ श्रेणीत नोंदवलेल्या या वास्तूच्या स्वरूपाला धक्का लावणाऱ्या कोणत्याही फेरफारासाठी स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. ‘हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड’ ही सरकारी संस्था अशा कामांना अनुदान देते. मात्र ब्रिटनमध्ये नवे घर बांधले तर मूल्यवर्धित कर शून्य, आणि जुने दुरुस्त केले तर २० टक्के. वारसा जपा म्हणणाऱ्या सरकारचा हा हिशेब चमत्कारिकच म्हणावा लागेल.

पैसे उभे करण्याचे मार्ग सरळ आहेत. सभासदांची वर्गणी, देणग्या, पाहुण्यांचे तिकीट, लग्नसमारंभांचे भाडे. सभासद स्कॉटलंडपुरते नाहीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे गेलेल्यांचे वंशज त्यांत आहेत. आडनाव एक असले तरी सर्वांत रक्ताचे नाते असेलच असे नाही. जुन्या काळी कुळाच्या जमिनीवरची माणसेही प्रमुखाचेच नाव घेत. कुलसंस्थांनी हा प्रश्न फारसा उकरलेला नाही, आणि ते शहाणपणाचे झाले.

मालकी आता थेट कुलसंस्थेकडे नसून धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे आहे. ही तरतूद कोरडी वाटते, पण सर्वांत महत्त्वाची तीच. १९१० मध्ये वास्तूचे भवितव्य एका घराण्याला मूल होते की नाही यावर लटकले होते. विश्वस्त बदलतात, संस्था राहते. धर्मादाय दर्जामुळे देणग्यांवर कराची सवलत मिळते, आणि वास्तू लोकांसाठी खुली ठेवण्याची जबाबदारीही येते. वीममधले जुने चर्च, ज्यात मेंझिस प्रमुखांचे दफनस्थान आणि सतराव्या शतकातले कोरीव स्मारक आहे, त्याची देखभालही कुळाकडेच आहे.

आतल्या खोल्या मुद्दाम साध्या ठेवल्या आहेत. मूळ सामान केव्हाच विकले गेल्याने जुन्या थाटाची नक्कल मांडण्यापेक्षा दगड, तुळया आणि छताचे नक्षीकाम दिसू देणे बरे. त्यामुळे मखमली पडद्यांच्या अपेक्षेने आलेल्यांची निराशा होते. गढी साधारण वसंतापासून शरदापर्यंत उघडी असते आणि तिकीट काढून कोणालाही, आडनाव काहीही असो, आत जाता येते.