गोळीविना नेमबाजी

दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटर व्यासाचं. पिस्तूल एकाच हातात, हात सरळ, कुठेही टेकू नाही. हात थरथरणारच! सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा होणारं हे सूक्ष्म कंपन निरोगी शरीराचा स्वभावच आहे. सरावानं डोलणं कमी होतं, कंपन पुरतं थांबत नाही. ते औषधानं दाबायला बंदी आहे. असंच एक औषध, प्रोप्रानोलॉल, सापडल्यामुळे 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं गेली.

मग नेम लागतो कसा? अख्खं पिस्तूल दिशा न बदलता 1 मिलिमीटर सरकलं, तर छराही लक्ष्यावर तेवढाच सरकतो. पण नेम धरायची पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत 1 मिलिमीटर कलली, तर? दोन्ही साइटमध्ये 33 सेंटिमीटर अंतर धरलं, तर लक्ष्यावर हीच चूक 30 मिलिमीटर होते. दहाच्या जागी सात! म्हणून नजर पुढच्या साइटवर हवी, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. नवख्यांना नेमकं हेच पटत नाही.

ते अंगी बाणवायला ड्राय फायरिंग. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर नेम धरायचा. लक्ष्यच नसल्यानं डोळ्याला भटकायला जागा उरत नाही. ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा. तो सुटताना पुढची साइट हलली, तर दोष बोटाचा. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅम भार लागतो, तेवढ्यातही उतावळं बोट नळी वळवतं.

काडतुसाच्या पिस्तुलात भर पडते धक्क्याच्या धास्तीची. त्यावरची युक्ती मला सगळ्यांत आवडते: प्रशिक्षक खऱ्या काडतुसांत एखादं नकली मिसळून देतो. ते नेमकं कधी येणार, हे नेमबाजाला ठाऊक नसतं. बार होत नाही, धक्का बसत नाही, तरी नळी खाली झुकते. चोरी उघडी!

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, त्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात वेळेचंही बंधन असतं. जलद टप्प्यात हात खाली ठेवून थांबायचं. खूण मिळताच 3 सेकंदांत हात उचलून एक गोळी झाडायची, मग 7 सेकंदांची उसंत. त्यामुळे इथे नुसता हात उचलण्याचाही सराव करतात, तोही बहुधा रिकाम्या पिस्तुलानंच.