गाडी कुठवर आली? – भाग नववा : पाटीवर उभा असलेला माणूस

गाडी थांब्यावर किती वाजता पोचेल याचा अंदाज ॲप कसा बांधतं, ते गणित या आठवड्यात मांडायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो. हदगाव तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे, आणि त्यांचा प्रश्न सुटल्याशिवाय त्या गणिताला काही अर्थ नाही.

ताईंचं गाव नागपूर–तुळजापूर महामार्गापासून तीनेक किलोमीटर आत आहे. गावाकडे वळण्याच्या ठिकाणी, म्हणजे पाटीवर, त्या नांदेडच्या गाडीची वाट पाहत होत्या. हातातल्या मोबाइलवर गाडीचं चित्र सरकत सरकत आलं, त्यांच्या थांब्याच्या पुढे गेलं आणि खाली अक्षरं उमटली : गाडी निघून गेली. रस्त्यावर तर काहीच दिसलं नव्हतं. तरी त्यांनी मोबाइलवर विश्वास ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या काळीपिवळीत बसल्या. काळीपिवळी हलायच्या आत मागून लालपरी आली, थांबली आणि चार माणसं घेऊन गेली. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, काळीपिवळीत पूर्ण. त्यांनी विचारलंय, ‘गाडी माझ्या मागं होती, तर ॲपला ती पुढं कशी दिसली?’

पत्र वाचल्यावर मी नकाशा उघडला आणि उत्तर लगेच सापडलं. ॲपमध्ये त्या थांब्याला गावाचं नाव होतं, आणि थांब्याची खूण होती गावात, देवळाजवळ. म्हणजे जिथे एसटी कधी जातच नाही तिथे.

आता शाळेतली भूमिती आठवा. खूण रस्त्यावर नसेल तर ॲप त्या खुणेपासून रस्त्यावर लंब टाकतं आणि लंब जिथे टेकेल तिथे थांबा आहे असं धरून चालतं. गावचा रस्ता महामार्गाला काटकोनात फुटला असता तर काही बिघडलं नसतं, लंब बरोबर पाटीवरच पडला असता. पण आपल्याकडचे गावरस्ते बैलगाडीच्या वाटांवरून झालेले, तिरपेच फुटतात. रस्ता साठ अंशात फुटला आणि गाव तीन किलोमीटर आत असलं, तर लंबाचं टोक पाटीपासून दीड किलोमीटर बाजूला पडतं. ताईंचं गाव हदगावच्या दिशेला मागे कललेलं आहे. म्हणून हदगावहून निघालेली गाडी आधी त्या खोट्या थांब्यावरून जाते आणि मग दीड-दोन मिनिटांनी खऱ्या पाटीवर येते. ॲपच्या हिशेबात ती तोवर निघून गेलेली असते.

संध्याकाळी नांदेडहून परतणाऱ्या गाडीसाठी हेच उलटं होतं. गाडी पाटीवरून निघून गेलेली असते आणि ॲप सांगत असतं, अजून यायची आहे. सकाळच्या चुकीत पैसे जातात. संध्याकाळच्या चुकीत माणूस अंधार पडेपर्यंत उभा राहतो, आणि मला ती जास्त सलते.

‘पाटी’ या शब्दावर थोडं थांबू द्या. पुण्या-मुंबईच्या वाचकांना पाटी म्हटली की दुकानाची किंवा शाळेतली आठवते. नांदेड-लातूरकडे पाटी ही जागा आहे. गावाकडे वळण्याच्या ठिकाणी गावाचं नाव लिहिलेला फलक असतो, त्यावरून ती सगळी जागाच पाटी झाली. ‘मी पाटीवर हाय, गाडी घेऊन ये’ असं आपण घरी फोनवर सांगतो. कुठे तिला फाटा म्हणतात, जसा बामणी फाटा किंवा वारंगा फाटा. चाकूरकडे मोड म्हणतात, जसा आष्टामोड. हे तिन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात : गाव इथे नाही, गावाचा रस्ता इथून निघतो. नावातच एवढी माहिती आहे, आणि यादी करणारे नेमकी तीच गाळतात. ‘अमुक पाटी’तली पाटी काढली की उरतं अमुक गाव, आणि खूण जाऊन बसते देवळाजवळ.

नावाचं शेपूट कापण्याचं दुसरं उदाहरण लातूर रोडचं. हे चाकूरजवळचं गाव आणि रेल्वे जंक्शन, लातूर शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर. शोधाच्या चौकटीत ‘लातूर’ लिहिल्यावर दोन्ही नावं वर आली आणि बोट चुकीच्या नावावर पडलं, तर परगावचा माणूस तिथे उतरून शहर शोधत बसेल. मालेगावचंही तसंच. एक नाशिक जिल्ह्यातलं, एक वाशिम जिल्ह्यातलं, एक आपल्या अर्धापूर तालुक्यातलं. त्यात लोह्याजवळचं खंडोबाच्या यात्रेचं माळेगाव, जे घाईत लोक ळऐवजी ल वापरून लिहितात. म्हणून थांब्याच्या नावाखाली तालुका बारीक अक्षरात दिसलाच पाहिजे, आणि माणूस उभा आहे त्या जागेपासून जवळचं गाव आधी आलं पाहिजे. अर्धापूरला उभ्या असलेल्या माणसाला नाशिकचं मालेगाव पहिलं दाखवू नये.

पुन्हा खुणेकडे येतो. खूण पाटीवर आणून ठेवली की काम संपलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. खुणेभोवती पन्नास मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि गाडीचा ठिपका वर्तुळात आला की गाडी पोचली म्हणायचं. शहरात हे चालतं. महामार्गावर ताशी साठच्या वेगाने गाडी दहा सेकंदांत सुमारे एकशे सदुसष्ट मीटर जाते. गाडीतलं यंत्र दर दहा सेकंदांनी ठावठिकाणा पाठवत असेल, तर एक ठिपका वर्तुळाच्या अलीकडे पडतो, पुढचा पलीकडे. शंभर मीटर रुंद वर्तुळ गाडी उडी मारून ओलांडते. पाटीवर हात दाखवणारं कुणी नसलं की चालक थांबत नाही, आणि ॲपच्या लेखी गाडी तिथे आलीच नाही, मागेच कुठेतरी अडकली आहे. वर्तुळ मोठं करावं तर जवळच्या दोन पाट्यांची वर्तुळं एकमेकांत शिरतात.

यातून सुटायची वाट एसटीतच आहे. एसटी भाडं आकारते टप्प्यांवर, आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. वाहकाला अक्षांश-रेखांश लागत नाहीत, रस्त्यावरून किती अंतर आलो तेवढंच लागतं. ॲपनेही तेच करावं. मार्गाची एक रेघ घ्यावी, आगाराच्या फाटकाशी शून्य मांडावं आणि प्रत्येक पाटीला तिचं रस्त्यावरचं अंतर द्यावं. गाडीचा प्रत्येक ठिपका त्या रेघेवर बसवला की प्रश्न साध्या वजाबाकीचा होतो : पाटी अठराव्या किलोमीटरवर, गाडी पंधराव्यावर, म्हणजे अजून तीन राहिले. वर्तुळच नाही, तर उडी कसली?

मग टप्प्यांची यादीच जशीच्या तशी का घेऊ नये, असं विचारलं जातं. घ्यावी, पण ती पुरत नाही. एका टप्प्यात दोन-तीन पाट्या येतात. त्यांचं भाडं एकच असल्याने तिकिटासाठी त्या वेगळ्या ओळखण्याची गरज नसते. उभ्या असलेल्या माणसाला मात्र आपलीच पाटी हवी असते.

ही अडचण एकट्या हदगावची नाही. बसच्या वेळापत्रकांची जी मांडणी आज जगभर वापरतात, जीटीएफएस, ती २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही परिवहन संस्था आणि गुगल यांच्या कामातून जन्मली. तिथे प्रत्येक थांब्याला खांब असतो, म्हणून त्या मांडणीत प्रत्येक थांब्याला एक ठाम बिंदू आहे. पुढे केनियात नैरोबीच्या मटाटूंवर, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसवर, डिजिटल मटाटूज हा प्रकल्प झाला, तेव्हा विद्यार्थी मोबाइल घेऊन शंभरावर मार्गांवर फिरले आणि गाडी खरोखर जिथे थांबते ती जागा टिपत गेले. खांब असो वा नसो, लोक चढतात तो थांबा, असं त्यांनी धरलं. मला ते वाचून फार आनंद झाला होता, कारण हदगाव–नांदेड गाडीत चालकामागच्या बाकावर बसून मी तेच करत होतो.

त्या फेऱ्यांत एक गोष्ट कळली. लोक निवाऱ्यात उभे राहत नाहीत, सावलीत उभे राहतात. एका पाटीवर निवारा सिमेंटचा, पण माणसं साठ-सत्तर पावलं अलीकडे लिंबाखाली. चालकाला ते ठाऊक असतं, तो लिंबाशीच ब्रेक मारतो. एप्रिल-मेच्या दुपारी सावली सरकते, तशी माणसं चहाच्या टपरीच्या मागच्या बाजूला जातात, आणि तिथून रस्ता दिसतच नाही. ॲपची खरी गरज त्या टपरीमागे बसलेल्या म्हाताऱ्याला आहे. बेचाळीस अंशांच्या उन्हातली दोन मिनिटं साधी नसतात. रस्ता चौपदरी झाल्यावर तर एका पाटीच्या दोन झाल्या, नांदेडकडची या बाजूला आणि उमरखेडकडची दुभाजकापलीकडे. दोन्हींना वेगळी खूण द्यावी लागते, नाहीतर गाडी आली म्हणून उठलेला माणूस चुकीच्या बाजूला उभा राहतो.

वारंगा फाट्याचं तर प्रकरणच निराळं. नांदेडहून अर्धापूरमार्गे आलेला रस्ता इथे दुभंगतो, एक कळमनुरी-हिंगोलीकडे, एक हदगाव-उमरखेडकडे. रेघ इथे फुटते म्हणून पुढचं अंतर मोजायला गाडीचा बोर्ड माहीत असावा लागतो. आणि गाडी हदगाव आगाराचीच असेल असं नाही. पैनगंगेपलीकडचं उमरखेड आगार यवतमाळ विभागात, हदगाव नांदेड विभागात. ही नदी निजामाचं राज्य आणि वऱ्हाड यांची हद्द होती. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांनिशी आपली बससेवा सुरू केली. पलीकडच्या प्रशासनाशी तिचा संबंध नव्हता. पुणे–नगर ही पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली, तेव्हाही हदगाव निजामाकडेच होतं. आज दोन्ही काठांवर एकच एसटी आहे. तरी ‘आगार निवडा’ असं विचारणारा पडदा ती जुनी हद्द पुन्हा आखतो. पाटीवरची आजी आगार विचारत नाही. ती विचारते, ‘हदगाव गाडी गेली का वो?’ पडद्यावर तेवढाच प्रश्न असावा, आणि नागपूरला निघालेली गाडीही उत्तरात आली पाहिजे, कारण तीही हदगाववरूनच जाते.

ताई, तुमच्या पाटीची खूण मी माझ्या यादीत देवळापासून काढून रस्त्यावर आणली आहे, दोन्ही बाजूंना एकेक. जाण्याची बाजू नक्की आहे. येण्याच्या बाजूची एकदा संध्याकाळच्या गाडीने येऊन पाहणार आहे.

अंदाजाचं गणित पुढच्या आठवड्यात. मुक्कामी गाडीचा विषय त्याआधी घुसला नाही तर. रात्रभर गावात उभी असलेली गाडी ॲपला ‘बंद पडलेली’ दिसते, आणि त्यावरही दोन पत्रं पडून आहेत.

तोवर तुमच्या पाटीबद्दल मला कळवा. गावापासून पाटी किती लांब आहे, निवारा असेल तर लोक त्यात थांबतात की दुसरीकडे, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता सावली रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडते.