छंद आभाळाचा (भाग ७) : ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब

मागच्या भागात मोटर आणि बॅटरीची जोडी कशी जुळवायची ते पाहिलं. त्यानंतर बहुतेकांना वाटतं, आता मोठी मोटर, मोठी बॅटरी घेतली की झालं. माझं मत उलटं आहे. रिमोटच्या विमानात खरं कसब लागतं ते वजन वाचवायला.

टॅम-५ या रिमोटच्या छोट्या विमानाचंच उदाहरण घ्या. ९ ऑगस्ट २००३ रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून ते निघालं आणि ११ ऑगस्टला आयर्लंडमध्ये उतरलं. सुमारे ३००० किलोमीटर, जवळजवळ ३९ तास! ते घडवणारे अमेरिकेचे मेनार्ड हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते. दृष्टी जवळपास गेलेली, ऐकूही कमी येई. हलकं बाल्साचं लाकूड ते बोटांनी चाचपून घडवत. उड्डाण आणि उतरणं तेवढं रिमोटवर. मधला अटलांटिक विमानाने जीपीएसच्या आधारे स्वतःच ओलांडला.

अशा छोट्या विमानांच्या विक्रमासाठी इंधनासह वजनाची मर्यादा होती ५ किलो. त्यातलं जवळपास निम्मं वजन इंधनाचंच. म्हणजे पंख, इंजिन, सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी), यंत्रणा, सगळं उरलेल्या वजनात बसवायचं. हिल यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. हे विमान उतरलं तेव्हा टाकीत जेमतेम काही चमचे इंधन उरलं होतं. वाटेत बाळगलेलं थोडंसं जादा वजनही किती महागात पडलं असतं!

आपल्याला समुद्र ओलांडायचा नाही, पण गणित तेच आहे. एक किलोचं विमान २१० ग्रॅमने जड झालं की हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग १० टक्क्यांनी वाढतो. उतरतानाही तेवढाच वेग जास्त ठेवावा लागतो. विमान आपटलं तर त्यातली ऊर्जा जवळपास दीडपट असते. जड विमान जास्त मोडतं, दुरुस्तीत आणखी गोंद लागतो, आणि ते आणखी जड होतं.

शेपटीकडच्या वजनाला तर फार जपा. शेपूट गुरुत्वमध्यापासून ६० सेंटिमीटर आणि नाक २० सेंटिमीटर लांब असेल, तर शेपटीवरच्या एका ग्रॅमला तोलायला नाकात तीन ग्रॅम घालावे लागतात. साध्या शिकाऊ विमानात गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. तो मागे गेला असेल तर शिशाचा तुकडा चिकटवण्याआधी बॅटरी पुढे सरकवून पाहा. बॅटरी तशीही न्यायचीच आहे, शिसं मात्र फुकटचं ओझं.

या रविवारी मैदानावर जाण्याआधी विमान बॅटरीसकट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा पंखाखाली पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर तो पुन्हा तपासा.