'क्रेडिट' : श्रद्धेचा सख्खा भाऊ

पासबुकात रक्कम जमा झाली की तिच्यापुढे 'क्रेडिट' असे उमटते. व्यापारी घरांत हा शब्द दिवसातून अनेकदा कानी पडतो. त्याचे मूळ मात्र पैशात नाही, विश्वासात आहे.

लॅटिन भाषेत 'क्रेदेरे' म्हणजे विश्वास ठेवणे, विश्वासाने हवाली करणे. त्यावरून 'क्रेदितुम' म्हणजे विश्वासाने दिलेले कर्ज. पुढे इटालियन व फ्रेंच भाषांतून सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. 'क्रेडिबिलिटी' हा त्याच कुळातील शब्द. 'डेबिट' मात्र 'देबितुम', म्हणजे देणे असलेली रक्कम, यावरून आला.

भाषाशास्त्रज्ञ आणखी एक नाते सांगतात. लॅटिन 'क्रेदेरे' आणि संस्कृत 'श्रद्धा' हे शब्द एकाच प्राचीन मुळातून निघाले. दोहोंच्या उत्तरार्धाचा अर्थ 'ठेवणे' असा आहे. पूर्वार्धाचा अर्थ अनेक अभ्यासक 'हृदय' असा लावतात. खतावणीतील रोकडा शब्द आणि श्रद्धा ही अशी एकाच घरची भावंडे ठरतात.

लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने 1494 साली व्हेनिस येथे छापलेल्या 'सुम्मा' या गणितग्रंथात तेथील व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत विशद केली. या पद्धतीत देणारा तो धनको व घेणारा तो ऋणको. पैसे भरल्यावर बँक खाते 'क्रेडिट' का करते, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. बँकेच्या वहीत ठेवीदार हा धनको असतो. त्याने बँकेवर विश्वास टाकलेला असतो आणि बँक त्याची देणेकरी असते.

उधारीवर माल देणारा दुकानदारही असाच धनको. पूर्वी ही पत पेढीवरच्या ओळखीने जोखली जाई. आज क्रेडिट माहिती कंपन्यांसाठी 2005 चा कायदा आहे आणि माणसाची पत 300 ते 900 मधील एका आकड्यात मांडली जाते. मोजमाप बदलले, तरी मोजायची वस्तू तीच राहिली : घेतलेले वेळेवर परत येईल का?

क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढली की उत्पन्नच वाढल्याचा भास अनेक तरुणांना होतो. शब्दाचा अर्थ ठाऊक असलेला माणूस तसा फसत नाही. ती रक्कम दुसऱ्याची असते; आपल्यापाशी असतो तो त्याने ठेवलेला विश्वास, आणि तो मुदतीच्या दिवशी परत करावा लागतो.