मृत दुव्यांची दुरुस्ती

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांचे पत्ते पूर्वी ‘एनआयसी डॉट इन’ने संपत, आज ते ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतात, म्हणून वऱ्हाडाविषयी आस्थेने लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जुन्या लेखांतील जिल्हा कचेरीचे दुवे एकदा तपासावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पान नाहीसे झाले असल्यास सर्व्हर ४०४ हा क्रमांक देतो, आणि डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानके ठरविणाऱ्या संस्थेचा विनामूल्य लिंक चेकर असे दुवे हुडकून देतो. नवे पान सापडल्यास पत्ता बदलावा. न सापडल्यास २००१पासून सर्वांस खुल्या असलेल्या वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहातील जुन्या प्रतीचा दुवा, तारखेसह, द्यावा. स्वतःचे पान हलविताना मात्र ३०१ या क्रमांकाचे कायमचे स्थलांतर अवश्य नोंदवावे, आणि तेही त्याच विषयाच्या नव्या पानाकडे. सरसकट मुखपृष्ठाकडे वळविणे ही वाचकाची, माझ्या मते, निव्वळ उपेक्षा होय.