फ्रिक्वेन्सी बदलायची, पण कोणती?

नीरा-बारामती रस्त्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या बागायती गावात सेटटॉप बॉक्स पुढच्या खोलीत आणि दुसरा टीव्ही माडीवर, हे चित्र आता नवं नाही. माडीवरून चॅनल बदलायला रिमोट एक्स्टेंडरची जोडी आणतात. पुढे दुसऱ्या बॉक्ससाठी आणखी एक जोडी येते आणि घोळ सुरू होतो: एक बटण दाबलं की दोन्ही बॉक्स हलतात. मग कुणीतरी सल्ला देतो, ‘एकाची फ्रिक्वेन्सी बदलून घ्या.’

या सल्ल्यातच पहिला गैरसमज आहे, की फ्रिक्वेन्सी एकच असते. हातातला रिमोट रेडिओलहरी सोडतच नाही. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. हा प्रकाश बहुधा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. भिंत आली की तो अडतो. म्हणून एक्स्टेंडरची पहिली डबी तो टिपते, त्यातला संदेश साधारण ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीवर चढवून पाठवते आणि खालची डबी त्याचा पुन्हा लुकलुकता प्रकाश करते. रेडिओलहर फक्त मधल्या प्रवासापुरती.

आता गंमत अशी, की तक्रारीचं मूळ बरेचदा त्या शेवटच्या लुकलुकण्यात असतं. काही कंपन्यांचे रिमोट ३६ किंवा ४० किलोहर्ट्झवर चालतात. खालची डबी मात्र ३८वरच अडून बसलेली असली, तर बॉक्स आज्ञा ऐकतो, पण अगदी जवळून. लोक म्हणतात, ‘रेंज कमी आहे,’ आणि दोष रेडिओला देतात.

‘आतला स्क्रू फिरवला की रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलते’ हेही अर्धंच खरं. स्वस्त प्रेषकात, म्हणजे लहर पाठवणाऱ्या डबीत, फ्रिक्वेन्सी ठरवतो तो सॉ रेझोनेटर नावाचा छोटा भाग, आणि तो फिरवून बदलत नाही. सोल्डर काढून दुसरा बसवावा लागतो, मग ग्राहक, म्हणजे लहर टिपणाऱ्या, डबीची कॉइलही त्याला जुळवावी लागते. एकच बाजू बदलली, तर दोघांची भेटच तुटते. एवढं करूनही फळ मिळेलच असं नाही. स्वस्त ग्राहक डब्यांचे कान फार मोठे असतात. अर्धा मेगाहर्ट्झ सरकवलेली शेजारची लहरही त्या ऐकतात. शिवाय बऱ्याच साध्या एक्स्टेंडरांत ओळखकोडच नसतो, जे आलं ते पुढे ढकलायचं एवढंच काम. तेव्हा डबी उघडण्यापेक्षा कोड जुळवता येणारी जोडी घेतलेली बरी, असं माझं मत.

विहिरीवरच्या मोटारीच्या रेडिओ रिमोटचं गणित यापेक्षा बरं असतं. त्यात बहुतेकदा कोड असतोच. १५२७ क्रमांकाच्या नेहमीच्या चिपमध्ये तो २० बिटांचा, म्हणजे दहा लाखांहून जास्त शक्यता. शेजाऱ्याची मोटार तुमच्या बटणावर चालू झाली, तर आधी कोड तपासा.

रेंजसाठी फ्रिक्वेन्सी बदलणं तर उलटंच पडू शकतं. ४३३.९२ला अँटेनाची तार साधारण १७ सेंटिमीटर लागते, परदेशी गाड्यांच्या चाव्यांत वापरल्या जाणाऱ्या ३१५ला जवळपास २४. जुनी तार तशीच ठेवली, तर लहर नीट बाहेरच पडत नाही. पुरुषभर वाढलेला ओला ऊस, स्लॅबमधल्या सळ्या आणि पत्रा लहरीची ताकद खातात ते वेगळंच. तार सरळ करून डबी उंचावर ठेवली, तर बिनखर्चात जास्त पदरात पडतं.

राहिला कायदा. ‘माझ्या घरातलं यंत्र, कुणाला काय?’ हे चालत नाही. १९३३च्या भारतीय कायद्याने बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लावला. २०२३च्या दूरसंचार कायद्याचा सूरही तोच. सूट आहे ती ठरावीक पट्ट्यांना आणि कमी ताकदीला. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ हा त्यातला एक.  आणि ४३४च्या वर सरकलात, की परवाना घेतलेल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या पट्ट्यात पाय पडतो.